तीनच्या खेळाचं चौथं कडवं

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. इनासकाकांचं एक वाक्य मी कापलं होतं. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की ते वाक्य पहिल्यांदा समोर येऊन उभं राहतं, आणि बाकीचे इनासकाका, म्हणजे त्यांचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पँटच्या खिशातली लांबडी बॅटरी, हातातला फुग्यांचा डबा, हे सगळं त्याच्यामागे अडकून पडतं. म्हणून ते वाक्य तूर्त बाजूला ठेवतो. त्याच्यापाशी परत यायचंच आहे.

'बंदरावरची वरात' हा सिनेमा आजच्या मुलांना ठाऊक नसतो. एका बंदरावर लग्न आहे. नवरा समुद्रातून येणार आहे आणि त्याची होडी येत नाही. मांडव सजलेला, भटजी आलेले, बाजेवाले वाजवायला उभे, आणि सगळं गाव तीन दिवस वाट बघतं. भांडणं, रुसवे, जेवणावळी, सगळं गाण्यांतून. तिसऱ्या दिवशी नवरा येतो, तोही पोहत. एवढीच गोष्ट. मी शाळेत असताना हा सिनेमा टीव्हीवर पाहिला आणि त्यानंतर किती वेळा पाहिला ते मोजणं सोडून दिलं.

मी मुलुंडच्या एका कारखान्यात तपासनीस आहे. आमच्याकडे पाण्याच्या पाइपांचे व्हॉल्व्ह तयार होतात. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामातली चूक शोधायची आणि तिच्यावर लाल खडूनं फुली मारायची, हे मी सत्तावीस वर्षं करतो आहे. स्वभावही तसाच झाला आहे. आमच्या खरेदी विभागातली प्रज्ञा एकदा कॅन्टीनमध्ये रांगेत उभी राहून 'वरात'मधलं गाणं गुणगुणत होती. मी मागून तिची एक ओळ दुरुस्त केली. ती वळून म्हणाली, "दादा, तुला सांगितलंय का कुणी तपासायला?" आमची मैत्री अशी सुरू झाली. ती माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. तिची आई तिला हीच गाणी म्हणत झोपवायची.

पॉडकास्टची कल्पना तिची. दर रविवारी सिनेमातली फक्त तीन मिनिटं घ्यायची आणि त्यांवर तासभर बोलायचं. नाव ठेवलं 'तीन मिनिटांची वरात'. तिच्या मुलुंडच्या घरी, आतल्या खोलीत, कपाटाची दारं उघडी टाकून आणि खिडकीवर गोधड्या टांगून आम्ही रेकॉर्डिंग करायचो. पंखा बंद. मी घामाघूम होऊन सांगायचो की नवरीच्या मागच्या होडीचा रंग या दृश्यात हिरवा आहे आणि पुढच्या दृश्यात निळा आहे, आणि यात दिग्दर्शकाला काय सुचवायचं असेल. प्रज्ञा म्हणायची, "रंग संपला असेल रे." ऐकणारे तीनशे-साडेतीनशे होते. सगळे माझ्यासारखेच. रंगाच्या बाजूचे.

आठव्या भागानंतर एक आवाजी निरोप आला. पाठवणाऱ्याच्या नावापुढे कॉलेजातल्या मुलीचा फोटो होता, पण आवाज म्हाताऱ्याचा.

"नमस्कार. मी इनास, मरोलवरून. फोन नातीचा हाय. तुमी बोलता का भटजी पान्यात पडतो तवा पब्लिक हसतं. नाय हसत. पडायच्या आदी हसतं. पडतो तवा खोकतं. हसून हसून घसा सुकलेला आसतो ना." मग बराच वेळ नुसता श्वास. मग: "पंचवीस आठवडे बगलंय मी."

आम्ही सिनेमा काढून पुन्हा पाहिला. भटजी पडल्यावर दिग्दर्शकानं चार-पाच सेकंद कुणालाही बोलू दिलेलं नाही. ती जागा मी 'समुद्राचं मौन' म्हणून समजावून सांगितली होती. ती खोकण्यासाठी होती.

इनासकाका अंधेरीच्या चंद्रिका टॉकीजमध्ये बॅटरीवाले होते. चंद्रिका आता नाही, तिच्या जागी काचेची इमारत आहे. अंधारात उशिरा आलेल्यांना खुर्चीपर्यंत नेऊन सोडायचं, एवढं काम. पुढच्याच रविवारी दोन बस बदलून ते मरोळहून मुलुंडला आले. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, केसांना तेल लावून मागे वळवलेला भांग. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे पॉलिश केलेले बूट. हा त्यांचा चंद्रिकेतला गणवेश होता आणि चंद्रिका पाडल्यावरही त्यांनी तो सोडला नव्हता. दारातच त्यांनी प्रज्ञाच्या हातात डबा दिला. आत फुगे होते. मैद्याचे, नारळाच्या दुधात भिजवलेले, तळल्यावर टम्म फुगणारे. त्यांच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांत सणाला करतात. "कार्मेलिननं दिलेत," ते म्हणाले. जणू कार्मेलिन कोण हे जगाला ठाऊक असावं.

बसायला खुर्ची दिली तर बसेनात. लॅपटॉपवर आम्ही तीन मिनिटं लावली तेव्हा ते पडद्याकडे पाठ करून दारापाशी उभे राहिले आणि आमच्याकडे बघू लागले. मला वाटलं, त्यांना दिसत नसेल. मी लॅपटॉप वळवला. ते पुन्हा वळले. शेवटी प्रज्ञानं विचारलं. ते म्हणाले की मालकानं पहिल्या दिवशीच बजावलं होतं, तुला पगार पिक्चर बघायला नाही, पब्लिक बघायला आहे.

असा सगळा सिनेमा त्यांनी पाहिला होता. माणसांच्या तोंडांवर. नवरीची आई सांडशी फेकते तेव्हा कुठल्या रांगेतल्या बायका पदर शोधतात, दुसऱ्या गाण्याला कोण मुतायला उठतं, बाजेवाल्यांचा म्होरक्या उपाशीपोटी वाजवतो तेव्हा बाल्कनीत शेंगदाण्याच्या पुड्यांचा आवाज कसा बंद होतो. मी एकदा वीस मिनिटं बोललो, की त्या म्होरक्याचं तीन वेळा डावीकडे बघणं हे ताटातुटीचं चिन्ह आहे. काका मान डोलावत ऐकत होते. मग म्हणाले की तिथं पब्लिकपण डावीकडं बघायचं. मी खूश होऊन कारण विचारलं. कारण असं की डावीकडच्या दरवाजातून त्याच वेळी समोशाचा ट्रे आत यायचा. प्रज्ञा इतकी हसली की तो भाग पुन्हा रेकॉर्ड करावा लागला.

माणसं त्यांच्या लक्षात नावानं राहत नसत, खुर्चीनं राहत. मरोळच्या गावठाणातल्या अर्ध्या लोकांना ते खुर्चीच्या नंबरानं ओळखायचे. डॉक्टर म्हणजे के-नऊ, मधेच उठून जाणारा. आम्हालाही त्यांनी दुसऱ्याच रविवारी जागा देऊन टाकल्या. प्रज्ञा जी-एक. कडेची, पाय लांब करून बसणारी, कुणी आत जायला लागला तर पाय न काढणारी. मग माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू बी-चार."

मी विचारलं, म्हणजे कसा?

"अगदी पुढं, मान वर करून. नायकाच्या शर्टाची बटनं मोजनार. अख्खा पडदा तुला कवाच दिसनार नाय."

मी हसलो. पण घरी जाऊन बायकोला विचारलं, की मी तसा आहे का. ती म्हणाली, हे विचारतोयस म्हणजे आहेसच.

त्यांची बॅटरी मी एकदाच पेटलेली पाहिली होती, तोपर्यंत तरी. रेकॉर्डिंग संपवून निघालो तेव्हा इमारतीतली वीज गेली होती आणि लिफ्ट बंद. सहा मजले जिना उतरायचा. मी मोबाइलचा दिवा लावून वर धरला तर त्यांनी माझा हात खाली केला. उजेड माणसाच्या तोंडावर मारायचा नसतो, पायापाशी मारायचा, म्हणाले. तोंडावर मारला की माणूस आंधळा होतो आणि वर त्याला चोर पकडल्यासारखं वाटतं. पायापाशी मारला की त्याचं तो चालतो. मग त्यांनी आपली बॅटरी काढली आणि सहाही मजले एकेका पायरीवर उजेडाचा ठिपका ठेवत आम्हाला उतरवलं. प्रत्येक वळणावर एकच शब्द, "पायरी."

आणखी एक गोष्ट आम्हाला त्यांच्याकडून कळली. 'वरात'चा शेवट त्यांनी कधी पाहिला नव्हता. नवरा पोहत किनाऱ्याला लागतो तेव्हा बॅटरीवाल्याला बाहेरचे दरवाजे उघडायला जावं लागतं. पंचवीस आठवड्यांत एकदाही नाही. "बाजा ऐकू यायचा ना," ते म्हणाले. "बाज्यावरून कळतं."

मोबाइलवर दाखवतो म्हटलं तर नको म्हणाले. एकट्यानं काय बघायचं.

त्यांच्या बोलण्यात एक खोड होती. महत्त्वाचं काही सांगायच्या आधी ते थांबायचे. पाच सेकंद, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. खाकरायचे, शर्टाची कॉलर नीट करायचे. रेकॉर्डिंग कापून जोडण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी या थांबण्यावर वैतागायचो. कापायचो. प्रज्ञा म्हणायची, त्यांचा श्वास तरी ठेव रे. मी म्हणायचो, लोकांना वेळ नसतो.

आता ते वाक्य.

सिनेमाच्या मध्यावर, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, नवरी बंदरावर उभी राहून समुद्राला विनवते. 'लाटे लाटे, थांब जराशी, नवरी उभी दारात.' आमच्या दृष्टीनं तो सिनेमाचा प्राण होता आणि त्या भागासाठी मी महिनाभर टिपणं काढली होती. तीन कडव्यांत नवरी कशी एकेक दागिना उतरवते, सावली कशी आखूड होत जाते. मी रंगात आलो होतो. तेवढ्यात काका म्हणाले, "आनि चौथं कडवं?"

मी म्हटलं, काका, तीनच आहेत.

"चार हायेत. तीनच्या खेळाला चार." आणि त्यांनी ते म्हणून दाखवलं, सुरात नव्हे, नुसतं बोलल्यासारखं:

दिवा विझला, वाट विझली, कुणी जागचं हललं नाही,
नवरदेवा, ये सावकाश, मांडव अजून मोडला नाही.

माझ्यातला तपासनीस जागा झाला. मी विचारलं, भर दुपारी दिवा कसा विझेल? सावली पायाखाली आहे, ऊन आहे, दिवा लावलाय कुणी? आणि जी मुलगी 'लवकर ये' म्हणत तीन कडवी रडते ती चौथ्यात 'सावकाश ये' का म्हणेल? मुद्दे बिनतोड होते. मी ते एकामागून एक मांडले, हसत हसत, आणि शेवटी म्हणालो की वयोमानानं दोन गाण्यांची सरमिसळ होते, माझीही होते. काका थांबले. खाकरले. कॉलर नीट केली. मग काहीतरी सांगितलं. रस्त्यावरून एक ट्रक जात होता. मी मान हलवली आणि पुढच्या दृश्याकडे वळलो.

तो भाग लोकांना फार आवडला. मी चौथ्या कडव्याची कशी हजामत केली त्याचा तुकडा कुणी कुणी पुढे पाठवला. बॅटरीकाकांना आता आराम द्या, असं एकानं लिहिलं. त्याला मी हसरा चेहरा पाठवला. हेही सांगायला हवं.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. नातीच्या फोनवरून निरोप आला, गुडघा दुखतो. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा. तिसऱ्याही. फुगे अर्थातच बंद. चौथ्या रविवारी प्रज्ञानं गोधडी टांगता टांगता विचारलं, "ते शेवटी काय बोलले होते रे? मी पाणी आणायला गेले होते." मी म्हटलं, ट्रकचा आवाज होता, नीट ऐकू आलं नाही.

"मूळ रेकॉर्डिंग लाव."

ट्रक होता. पण तो अकरा सेकंदांच्या थांबण्यावर होता. काका बोलायला लागले तोवर तो गेलेला होता. आवाज स्वच्छ होता.

"तवा रिल आलेला नसायचा. फाटकावर अडकायचा. अंधार आसायचा हॉलमदी. ते कडवं पिक्चरचं नाय, पब्लिकचं हाय. पयल्यांदा आमच्या कार्मेलिननं गायलं."

प्रज्ञानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी तिला म्हणालो की खरंच, कापताना माझ्या लक्षात आलं नाही. ते खोटं होतं. मी कापताना हे वाक्य दोनदा ऐकलं होतं. ते ठेवलं असतं तर दिवा कुठला आणि 'सावकाश' का, हे सगळं उघड झालं असतं आणि माझे बिनतोड मुद्दे फुकट गेले असते. महिनाभराची टिपणं होती. मी वीस सेकंदं निवडली आणि बटण दाबलं. व्हॉल्व्ह तपासताना मी असं कधी केलेलं नाही. चांगल्या मालावर फुली मारलेली नाही.

शनिवारी दुपारी एकटाच मरोळला गेलो. गावठाणात त्यांचं घर दुमजली, खाली दगडी ओटा, बाजूला लाकडी जिना, अंगणात क्रूस आणि त्याच्यापाशी तुळशीसारखी निगा राखलेला मोगरा. ओट्यावर काकांच्या पत्नी, कार्मेलिनमावशी, सुकट निवडत बसल्या होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, नेसण त्यांच्या जुन्या पद्धतीची. मी नाव सांगायच्या आत त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. त्या गाण्याच्या भागापर्यंतचा आमचा प्रत्येक भाग त्यांनी कानात वायर घालून स्वयंपाक करताना ऐकला होता.

"या मुलुंडवाले," त्या म्हणाल्या. "माजं गानं खोटं काय रे?"

मी उभाच राहिलो. त्यांनी मला बस म्हटलं नाही, सुकटीचं सूप माझ्या हातात दिलं आणि डोकी काढायला सांगितली. मी डोकी काढत होतो आणि त्या सांगत होत्या.

'वरात'ची एकच प्रत दोन टॉकीजांत चालायची. एकीकडे रीळ संपलं की रिळवाला ते पेटीत घालून सायकलवरून दुसरीकडे न्यायचा. तीनच्या खेळाला तो नेमका रेल्वेच्या फाटकावर अडकायचा, कारण त्या वेळी मालगाडी असायची. तिसरं कडवं संपलं की पडदा काळा. पहिल्या शनिवारी पब्लिक खवळलं. शिट्ट्या, पाय आपटणं, कुणीतरी खुर्ची मोडायला घेतली. कार्मेलिन तेव्हा एकोणीस वर्षांची, आपल्या मावशीबरोबर आलेली. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उमराचं पाणी, म्हणजे नवरानवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला बायका विहिरीवर जातात, तेव्हा गाणी जागच्या जागी जुळवतात. वाटेत जे दिसेल ते गाण्यात. तिला हे लहानपणापासून येत होतं. समोर दिसत होता अंधार, तर तिनं अंधार घेतला. दिवा विझला. येत नव्हता रिळवाला, तर त्याला नवरदेव केलं. सावकाश ये बाबा, आम्ही आहोत इथंच, मोडतोड करत नाही. अख्खं पब्लिक हसलं आणि मग दुसऱ्यांदा गायला लागलं. खुर्ची मोडणारासुद्धा. पुढच्या आठवड्यापासून लोक खिडकीवर विचारून तीनच्याच खेळाची तिकिटं घ्यायला लागले.

"आनि यानं," मावशींनी वर माडीकडे बोट केलं, "माज्या तोंडावर बॅटरी मारली. कोन गातंय बगायला. मी बोलली, खाली कर मेल्या."

माडीवरून आवाज आला, "एकदाच मारली. जल्मात एकदाच."

काका जिन्यावर येऊन उभे होते. गुडघ्याला काही झालं नव्हतं. मी सूप खाली ठेवून वर गेलो आणि सगळं सांगितलं. ट्रकचं खोटं, दोनदा ऐकल्याचं, हसऱ्या चेहऱ्याचं. ते थांबले. कॉलर नीट केली. मी ते थांबणं पहिल्यांदाच न वैतागता ऐकलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "मी बाजूलाच बसलेलो ना. तुला ऐकू आलं ते तुज्या तोंडावर दिसलं."

मी म्हटलं, तो भाग काढून टाकतो. तर नको म्हणाले. लोक त्यात हसतात, हसू द्या. पण पुढच्यात खरं सांग. आणि मग, माझ्याकडे न बघता, की कार्मेलिन चार रविवार कानात वायर घालत नाही, घर फार शांत वाटतं, तेवढं बघ.

पुढच्या भागात मी ती वीस सेकंदं जशीच्या तशी लावली, आधीच्या अकरा सेकंदांच्या थांबण्यासकट, ट्रकसकट, आणि माझं मी सांगितलं. काही जणांनी ऐकणं सोडलं. त्याच्या दुप्पट पत्रं चंद्रिकेच्या जुन्या पब्लिकची आली. एका बाईंनी विचारलं, बॅटरीवाले मला ओळखतील का, मी डी-सोळा. काकांनी ओळखलं. "भावाला सोबत आनायची. भाऊ झोपायचा."

शेवटच्या तीन मिनिटांचा भाग आला तेव्हा अख्खा सिनेमा दाखवायला प्रज्ञानं तिच्या सोसायटीचा हॉल घेतला. दुपारी तीनला. खिडक्यांवर चादरी, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांना पाठीमागे खडूनं नंबर. खडू माझा होता, लाल. साठेक माणसं आली. काकांनी बॅटरी घेऊन एकेकाला बसवलं, वयस्कर बायकांना कडेची जागा, आणि मी बी-चारवर बसायला गेलो तर मला उठवून मागे आणलं. आज इथून बघ, म्हणाले.

तिसरं कडवं संपलं आणि प्रज्ञानं प्रोजेक्टर बंद केला. ठरल्याप्रमाणे. काळोख. मावशींनी गायचं होतं आणि त्या गप्प. दोन मिनिटं गेली असतील. कुणीतरी पुढून शिट्टी मारली, पाय आपटले. काकांनी बॅटरी मावशींच्या पायापाशी धरली.

"पायाला काय गायला लावतो?" मावशी म्हणाल्या. "तवा मारलेली तशी मार की."

हॉल हसला. काकांनी बॅटरी वर उचलली. जाड चष्मा चमकला, मावशींनी डोळे मिटून घेतले आणि गायल्या. आवाज फाटका होता पण सूर जाग्यावर. दुसऱ्यांदा सगळे गायले. मीही.

प्रोजेक्टर पुन्हा लागला, आणि शेवटी नवरा दिसायच्या जरा आधी काका सवयीनं उठले आणि दरवाजाकडे निघाले. मी आधीच तिथं जाऊन उभा होतो. त्यांच्या हातातून बॅटरी घेतली आणि म्हटलं, आज दरवाजे मी उघडतो, तुम्ही बसा, शेवट बघा. त्यांनी कॉलर नीट केली. मग शेवटच्या रांगेत मावशींच्या शेजारी जाऊन बसले.

इनासकाका गेल्या माघात गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यानंतर मी पुष्कळदा त्यांना आठवून पाहतो, तर ते जिन्यावरचे किंवा गोधड्यांच्या खोलीतले आठवत नाहीत. त्या हॉलमधले आठवतात. पडद्यावर बाजा सुरू झाला होता, नवरा लाटांतून हात मारत येत होता. शेवटच्या रांगेत अंधार होता. पन्नास वर्षं न पाहिलेला शेवट बघताना काकांचा चेहरा कसा दिसतो, ते मला बघायचं होतं. बॅटरी माझ्या हातात होती. मी ती उचलली आणि मग खाली केली, जिथं ती धरायची असते तिथं.

उजेडात दोन काळे बूट दिसले, चकचकीत पॉलिश केलेले. त्यांची टोकं पडद्याकडे नव्हती. मावशींच्या खुर्चीकडे वळलेली होती.

दिवे लागल्यावर त्यांनी बॅटरी परत मागितली आणि विचारलं, "नवरा आला?"

आला, मी म्हटलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तिच्या तोंडावर दिसला."